बर्फाच्या पेटीतून आलेला मासा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह, सनदा आणि सरहद्दी उभ्या राहतात. मासा हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, हे आपल्याला सहसा सुचत नाही. मासा बाजारात असतो, कालवणात असतो, फार तर मत्स्यावतारात असतो. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांत एका माशाने जो प्रवास केला, किंवा त्याला जो प्रवास करायला लावला गेला, त्यात साम्राज्याचा सगळा स्वभाव उतरला आहे. हा मासा म्हणजे ट्राउट. थंडगार, वाहत्या, स्वच्छ पाण्याचा, अंगावर ठिपके असलेला हा देखणा मासा. मराठीत याला नाव नाही, कारण आपल्या कुठल्याच नदीत तो कधी नव्हता.

याच्या दोन जाती जगभर फिरल्या. पहिली ब्राउन ट्राउट. तिचे मूळ घर युरोप आणि पश्चिम आशिया. हिंदुकुशाच्या उत्तर उतारावर, आमूदर्याच्या उगमाकडच्या ओढ्यांतही ती मूळचीच आहे, म्हणजे हिमालयाच्या तशी शेजारीच. पण ती भिंत ओलांडून अलीकडे तिला कधी येता आले नाही. दुसरी रेनबो ट्राउट, अंगावर गुलाबी पट्टा असलेली. ती उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची आणि पलीकडच्या कामचाटकाची. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तर ट्राउट अजिबात नव्हता. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागले की हा मासा कासावीस होतो, पंचविशीच्या आसपास तगणे कठीण. मधला उष्ण कटिबंध त्याच्या दृष्टीने आगीचा पट्टाच होता. निसर्गाने घातलेले हे कुंपण माणसाने कसे ओलांडले, ती हकीकत मोठी चित्तवेधक आहे.

मुळात माशाची अंडी हाताने फळवता येतात, ही विद्या आधी सापडावी लागली. अठराव्या शतकात स्टेफान लुडविग याकोबी या जर्मन गृहस्थाने मादीचे पोट हलकेच दाबून अंडी काढायची, त्यावर नराचे रेत सोडायचे आणि पाण्यात ठेवायची, हा प्रयोग करून १७६० च्या दशकात प्रसिद्धही केला. जगाने तो विसरून टाकला. १८४० च्या दशकात फ्रान्समधल्या व्होज डोंगरात जोसेफ रेमी नावाच्या एका गरीब कोळ्याने ओढ्याकाठी बसून, माशांचे निरीक्षण करून, याकोबीचे नावही न ऐकता तीच विद्या पुन्हा शोधून काढली. मग मात्र सरकार जागे झाले आणि १८५२ मध्ये युनिंग येथे मोठे उबवणी केंद्र निघाले. शोध विद्वानांच्या ग्रंथात पडून राहावा आणि कोळ्याच्या हातून जिवंत व्हावा, याचे आपल्याला आश्चर्य वाटू नये.

त्याच सुमारास युरोपात एक विलक्षण खूळ निघाले. या देशचे प्राणी त्या देशी नेऊन रुजवायचे. पॅरिसला १८५४ मध्ये यासाठी संस्था निघाली, लंडनला १८६० मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीत १८६१ मध्ये. लंडनच्या संस्थेचा प्रमुख उत्साही माणूस फ्रँक बकलंड. पेशाने शल्यवैद्य, स्वभावाने अवलिया. प्राणिसंग्रहालयातला बिबळ्या मेला तर पुरलेले धूड उकरून त्याचे मांस शिजवून पाहणारा! जगातला प्रत्येक प्राणी चाखून बघावा आणि बरा लागला तर घरी आणून वाढवावा, एवढे साधे त्याचे तत्त्वज्ञान. आज हसू येते, पण १८५९ मध्ये व्हिक्टोरियात शिकारीच्या हौसेखातर सोडलेल्या दोन डझन सशांनी पुढे अख्खे ऑस्ट्रेलिया खंड कुरतडले, हे आठवले म्हणजे हसू आवरते.

टास्मानियातल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना हवा होता सामन मासा. नद्या थंड, डोंगर हिरवे, हवा विलायतेसारखी. उणीव काय ती विलायतेतल्या माशाची. ट्राउटची मागणी मुख्य नव्हतीच. पण विलायतेहून टास्मानिया म्हणजे शिडाच्या जहाजाने तीन महिने, आणि वाटेत विषुववृत्त. सामन आणि ट्राउट यांची अंडी थंडीत घातली जातात आणि पाण्याच्या उष्णतेच्या हिशेबाने फुटतात. पाणी दहा अंशांचे असेल तर महिना-दीड महिन्यात, पाच अंशांचे असेल तर त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळात. गरम पाण्यात लवकर फुटून मरतात किंवा नुसतीच नासतात. १८५२ मध्ये 'कोलंबस' जहाजातून पाण्याच्या टाकीत पाठवलेली अंडी वाया गेली. १८६० मध्ये 'एस. कर्लिंग' जहाजात बर्फाची सोय केली. बर्फ वाटेतच संपला. १८६२ मध्ये 'ब्यूटिफुल स्टार' नावाच्या लहानशा आगबोटीतून पुन्हा तेच. यातल्या नंतरच्या प्रयत्नांमागे जेम्स यूल हा टास्मानियातला जमीनदार होता. तो लंडनला राहून हे वेड पदरचा वेळ घालून जोपासत होता.

'ब्यूटिफुल स्टार'च्या अपयशातच यशाचे बीज होते. पाण्याच्या टाक्यांतली अंडी गेली, पण बर्फाच्या खोलीत जाता जाता सहज ठेवलेल्या एका लहान पेटीत, ओल्या मॉसमध्ये गुंडाळलेली थोडी अंडी कितीतरी दिवस जिवंत राहिली. अंड्यांना पाणी लागत नाही. लागतो ओलावा, थंडी आणि हवा. यूलने हा धागा धरला. लंडनमधल्या वेनहॅम लेक आइस कंपनीच्या तळघरात त्याने बर्फाखाली मॉसमध्ये अंडी ठेवून पाहिली. ती चार महिन्यांहून अधिक काळ टिकली. (बर्फाचा हा व्यापार तेव्हा जगभर चाले. अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्याला आणि त्याच सुमारास मुंबईला जहाजाने येऊ लागला होता, आणि मुंबईकरांनी आइस्क्रीमची पहिली चव त्याच बर्फावर घेतली.)

जानेवारी १८६४ मध्ये 'नॉरफोक' हे वेगवान शिडाचे जहाज इंग्लंडहून निघाले. जहाजमालकांनी त्यात बर्फाची कोठी बांधू दिली होती. कोठीत सुमारे तीस टन बर्फ, आणि लाकडी पेट्यांतून लाखावर सामनची अंडी. पेटीच्या तळाशी कोळशाचा थर, त्यावर बर्फाचा चुरा, त्यावर मॉसचे घरटे, घरट्यात अंडी, वर पुन्हा मॉस. पेटीला वर-खाली भोके, म्हणजे वरचा बर्फ वितळेल तसे थेंब थेंब गार पाणी झिरपत राहील. सोबत विल्यम रॅम्सबॉटम हा तरुण राखणदार. आयत्या वेळी बकलंड आणि त्याचा मित्र फ्रान्सिस फ्रान्सिस यांनी दक्षिण इंग्लंडच्या ओढ्यांतून गोळा केलेली ब्राउन ट्राउटची अंडी आणून दिली. ती तीन हजारही नव्हती. ट्राउटवर पैसा खर्च करायचा अधिकार यूलला नव्हता, म्हणून ही भेट फुकट. कोपऱ्यात जागा होती, पेटी ठेवली.

एप्रिलच्या मध्यास जहाज मेलबर्नला लागले. काही पेट्या तिथे उतरवून बाकीच्या दुसऱ्या जहाजाने होबार्टला गेल्या, तिथून होडीने नदीवाटे आणि शेवटचा टप्पा माणसांच्या खांद्यांवरून, हादरा न बसू देता, प्लेंटी नदीकाठच्या मुद्दाम खणलेल्या तळ्यांपर्यंत. पेट्या उघडल्या तेव्हा मेलेली अंडी पांढरी पडलेली होती आणि जिवंत अंड्यांतून दोन काळे डोळे बाहेर बघत होते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पहिली पिल्ले निघाली. सामनची हजारो, ट्राउटची तीनशेच्या आसपास.

सामनची पिल्ले वाढली, नदीतून समुद्रात गेली आणि परत कधी आली नाहीत. ज्यांच्यासाठी दहा-बारा वर्षे जीव टाकला, त्यांनी पाठ फिरवली. आणि ज्याला कुणी बोलावले नव्हते, त्या ट्राउटने बिऱ्हाड थाटले. १८६६ च्या हिवाळ्यात त्यांनी प्लेंटीत अंडी घातली. दक्षिण गोलार्धातला हिवाळा म्हणजे जून-जुलै. माशांनी आपले पंचांग सहा महिन्यांनी फिरवून घेतले. पुढच्याच वर्षी टास्मानियाची ८०० अंडी न्यूझीलंडला गेली. त्यांतून पिल्ले निघाली तीन! पण मागोमाग आणखी खेपा गेल्या, कॅलिफोर्नियाहून रेनबोही १८८३ मध्ये आली, आणि वीस-पंचवीस वर्षांत न्यूझीलंडच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या नदीत ट्राउट झाला. तोही विलायतेत दिसला नसता एवढा धिप्पाड.

इथवरची कथा जिद्दीची आहे आणि ती तशीच सांगितली जाते. प्लेंटीकाठची ती तळी आजही जपून ठेवलेली आहेत. पण त्या पाण्यात आधी कुणी राहत होते का, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारला नाही.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर टाउपो नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठी न्गाती तूफारेतोआ ही माओरी जमात पिढ्यान्‌पिढ्या राहते. सरोवरातला कोआरो नावाचा बोटभर लांबीचा, खवले नसलेला मासा हे त्यांचे अन्न. १८९० च्या दशकात सरोवरात ट्राउट सोडले. आयते अन्न मिळाल्यावर ट्राउट फुगले. पाहुणे गळ घेऊन साता समुद्रांपलीकडून येऊ लागले. आणि कोआरो पाहता पाहता ओसरला. आता काठच्या माणसाने खायचे काय? ट्राउट. पण ट्राउट धरायचा तर परवाना काढायला हवा, ठरावीक मोसमात, ठरावीक गळानेच. नाही तर दंड. स्वतःच्या सरोवरात, स्वतःचा मासा खाऊन माजलेला परका मासा धरला म्हणून गुन्हेगार! बरीच वर्षे तक्रारी झाल्यावर १९२६ मध्ये कायदा होऊन सरोवराचा तळ सरकारजमा झाला आणि त्याबदली जमातीला दरसाल ३,००० पौंड आणि परवान्यांच्या त्यावरील उत्पन्नात निम्मा वाटा ठरला. १९९२ मध्ये तळाची मालकी जमातीला परत मिळाली. कोआरो काही त्या प्रमाणात परत आला नाही.

तिथलाच दुसरा मासा उपोकोरोरो. त्याला गोरे लोक ग्रेलिंग म्हणत. त्याचे थवे इतके मोठे की जाळी भरून शेतात खत म्हणून टाकत. ट्राउट आले, जंगले तुटली, नद्या गढुळल्या. यांत कुणाचा वाटा किती हे सांगता येणे कठीण, पण १९२० च्या दशकानंतर तो दिसेनासा झाला. १९५१ मध्ये न्यूझीलंड सरकारने नियम करून त्याला संपूर्ण संरक्षण दिले. त्या वेळी तो जिवंत नव्हता. सरकारी कागद आणि वस्तुस्थिती यांच्या वेळा कशा जुळत नाहीत, हे सीमाभागातल्या वाचकांना मी समजावून सांगायला नको.

अमेरिकेत तर हा खेळ आपल्याच देशातल्या देशात चालला. सिएरा नेव्हाडाच्या माथ्यावरची शेकडो तळी हिमनद्यांनी कोरलेली, धबधब्यांमुळे मासे तिथवर कधीच चढू न शकलेली. ती 'रिकामी' आहेत असे समजून आधी खेचरांच्या पाठीवरून आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विमानातून ट्राउटची बोटुकली त्यांत ओतली. तळी रिकामी नव्हती. तिथे पिवळ्या पायांचे बेडूक होते, आणि त्यांच्या बेडूकमाशांना मोठे व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. तेवढ्यात ट्राउट त्यांना गिळून मोकळे. पुढे काही तळ्यांतून जाळी लावून ट्राउट पूर्ण काढून टाकले, तेव्हा जिथे आसपास बेडूक शिल्लक होते तिथे ते काही वर्षांत पुन्हा किनाऱ्यावर येऊन बसले. झाले ते काही ठिकाणी तरी उलटवता येते, याचा हा पुरावा. पण बेडूक शिल्लक असतील तरच.

आता आपल्या देशाकडे वळू.

निलगिरीत उटकमंड वसवणाऱ्या इंग्रजांना तिथे सगळे विलायतेचे हवे होते. गुलाब, बटाटा, सफरचंद, चर्च, तळे. मासा तेवढा उरला. मद्रास लष्करातला शल्यवैद्य डॉ. फ्रान्सिस डे याने १८६३ मध्ये, म्हणजे 'नॉरफोक' निघण्याआधीच, ट्राउट आणण्याची खटपट केली. ती फसली. १८६६ च्या सुमारास पुन्हा हात घातला. सरकारी बागेचा अधीक्षक मॅकआयव्हर (कोयनेलची झाडे निलगिरीत रुजवणारा तोच) यानेही विलायतेहून मासे आणवले. टेंच आणि कार्प हे तळ्यातले मासे रुळले. ट्राउटची वीण मात्र काही केल्या होईना. डेचे नाव आज निराळ्याच कारणाने अजरामर आहे: 'द फिशेस ऑफ इंडिया' हा १८७५ ते १८७८ मध्ये निघालेला त्याचा ग्रंथ. परका मासा आणण्यात हरलेल्या या माणसाने इथल्या माशांची जी मोजदाद करून ठेवली, तिच्यावाचून आजही अभ्यासकाचे पान हलत नाही.

निलगिरीत ट्राउट खरा रुजला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. मद्रास सरकारने एच. सी. विल्सन हा जाणकार नेमला. त्याने ब्राउनचा नाद सोडून रेनबो निवडली आणि जवळच्या सिलोनच्या डोंगरातून, तिथे आधीच रुळलेले मत्स्यबीज आणवले. अॅव्हलांच येथे १९०७ मध्ये उबवणी केंद्र निघाले. रेनबोला उष्णता थोडी अधिक सोसते, आणि निलगिरीच्या माथ्यावरचे ओढे तेवढे गार असतात. पुढे मुन्नारच्या चहामळेवाल्यांनीही आपल्या डोंगरात हेच केले. गंमत पाहा, त्या निलगिरीचे मूळचे तोडा लोक म्हशीच्या दुधातुपावर जगणारे; मासे-मांसाला ते शिवत नाहीत. ज्यांचे डोंगर, त्यांना त्या माशाचा उपयोग नाही; ज्यांना उपयोग, ते घोड्यावरून मोसमापुरते येणार. निलगिरीतल्या शिकारीचे आणि माशांचे रक्षण करणारा कायदा मात्र १८७९ मध्येच झालेला होता.

काश्मीरची गोष्ट अधिक रंगतदार आहे. श्रीनगरला फ्रँक मिचेल नावाच्या स्कॉटिश गृहस्थाचा गालिच्यांचा कारखाना होता. झेलमच्या उपनद्या पाहून त्याला आपल्या मुलखाची आठवण होई. महाराजा प्रतापसिंगांच्या दरबारची अनुकूलता होती. १८९९ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डने दहा हजार अंडी भेट पाठवली. ती वाटेतच नासली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून दुसरी खेप निघाली आणि डिसेंबर १९०० मध्ये श्रीनगरला पोचली. सुमारे १,८०० पिल्ले जगली. काही दाचीगामच्या ओढ्यात सोडली, काही मिचेलने आपल्या देखरेखीखाली श्रीनगरातच वाढवली. आगगाडी तेव्हा रावळपिंडीपर्यंत. पुढे झेलमच्या दरीतला घाटरस्ता. बर्फ काय तो तिथे विकत घ्यावा लागला नसेल! हारवनला उबवणी केंद्र झाले, संस्थानने स्वतंत्र मत्स्यखाते काढले आणि मिचेल त्याचा पहिला प्रमुख झाला. गालिचेवाल्याचा मत्स्याधिकारी झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

काश्मीरच हिमालयाचे बियाणे झाले. १९०८ मध्ये गिलगिट, मग चित्राल. १९०९ मध्ये कुलूचा अधिकारी हॉवेल याने बियासमध्ये काश्मीरचे बीज सोडले. १९१२ च्या सुमारास रेनबोही आली. १९४७ मध्ये या मुलखांच्या मधून रेषा ओढली गेली. गिलगिटचा ट्राउट पलीकडे राहिला, दाचीगामचा अलीकडे. वंश एक, ओढे वेगळे. आता काश्मीरमध्ये कोकरनागला युरोपीय समुदायाच्या मदतीने १९८४ मध्ये उभारलेला मोठा प्रकल्प आहे, हिमाचलात पतलीकुहलला नॉर्वेच्या साह्याने सुधारलेले केंद्र आहे, आणि डोंगरातले शेतकरी सिमेंटच्या लांबट हौदांतून झऱ्याचे पाणी खेळवून रेनबो पोसतात. एके काळी महाराजांच्या आणि साहेबांच्या गळाचा मासा आता गृहस्थाच्या ताटात आला आहे. हे झाले ते वाईट झाले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर वीजप्रकल्प होऊ नयेत म्हणून लोक झगडले, त्यात नदीतले मासे हा एक मुद्दा होता. आणि तीर्थनचा नावाजलेला मासा म्हणजे ट्राउटच. परक्याने आणलेल्या माशाच्या आडून गावाने आपली नदी राखली.

तरी हिशेबाची दुसरी बाजू आहेच. हिमालयाच्या ओढ्यांत मूळचा मासा असतो, इंग्रजांनी त्याला 'स्नो ट्राउट' म्हटले. तो ट्राउट नव्हे. आपल्या रोहू-कटल्याच्या, कार्पच्या कुळातला. परक्या राजवटीत इथल्या माणसांचे होते तेच माशाचे झाले, ओळख सुद्धा दुसऱ्याच्या नावाने. दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारा हा सोशिक मासा. ब्राउन ट्राउट जिथे पक्के बसले आहेत त्या ओढ्यांत तो कमी आढळतो, असे अलीकडचे अभ्यासक नोंदवतात. जागतिक निसर्गरक्षण संघाने २००० मध्ये सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांची यादी केली. ब्राउन आणि रेनबो, दोघीही तीत आहेत.

ट्राउट आपल्या सह्याद्रीत रुजला नाही. आपले ओढे पावसाळ्यात धो धो आणि उन्हाळ्यात कोरडे किंवा कोमट. म्हणून आपण या गोष्टीबाहेर आहोत, असे मात्र नाही.

१८२० च्या दशकात मुंबई लष्करातला विल्यम सायक्स हा अधिकारी दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावे दिली आहेत, आणि त्यांतली कितीतरी त्याने मराठी बोलणाऱ्या मच्छीमारांच्या तोंडून उचलली. खुद्री, कोलुस, मुसुल्ला, फुलुंगी. आपल्या कोळ्यांची बोली अशी लॅटिनच्या पंगतीला जाऊन बसली. त्यातला खुद्री हा पुण्याच्या मुळा-मुठेतला महसीर. ते पाणी भीमेवाटे कृष्णेला मिळते, जसे आपल्या घटप्रभा-मलप्रभेचे मिळते. म्हणजे खुद्री हा कृष्णेच्या घरचा मासा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरणे, सुरुंग आणि विषप्रयोग यांनी महसीर खलास होऊ लागला. तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीजकंपनीने वळवणच्या तलावाकाठी त्याचे उबवणी केंद्र काढले. डॉ. चं. वि. कुळकर्णी आणि श. ना. ओगले यांनी तिथे खुद्रीची कृत्रिम वीण साधली. ट्राउटच्या बाबतीत याकोबी आणि रेमी यांनी जे केले, तेच. काम निःसंशय मोलाचे होते. लाखो पिल्ले तयार झाली आणि महसीर वाचवायचा म्हणून ती देशभर वाटली गेली. त्यांतली काही कर्नाटकात कावेरीत सोडली.

कावेरी म्हणजे कृष्णा नव्हे. तिचे खोरे निराळे, आणि तिच्यात तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, अजस्र. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या पेंढा भरणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातल्या एकाने १९४६ मध्ये काबिनीत गळाने धरलेला असा मासा १२० पौंडांचा भरला होता. कावेरीकाठच्या एका गळछावणीत धरून सोडलेल्या माशांच्या नोंदी १९९८ पासून ठेवलेल्या होत्या. अभ्यासकांनी त्या तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला. निळ्या परांचा खुद्री वर्षावर्षाने वाढत गेला होता आणि उंचवट्याचा महसीर जवळपास नाहीसा झाला होता. खुद्रीने त्याला खाल्ले नाही. अन्नात, जागेत, कदाचित विणीतही तो वरचढ ठरला असावा. त्यात धरणे, वाळूउपसा आणि स्फोटके यांचाही हात आहे. पण संरक्षणाच्या नावाने सोडलेला मासाच दुसऱ्याच्या मुळावर आला, हे नोंदींतून लपत नाही.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. दीडशे वर्षे जगभरचे शिकारी ज्याच्यासाठी कावेरीवर येत होते, त्या माशाला पक्के शास्त्रीय नावच नव्हते. आधी कावेरीची उपनदी असलेल्या पांबारमधून २००७ मध्ये 'टॉर रेमादेवी' या नावाने वर्णिलेला मासा तो हाच, हे २०१८ मध्ये ठरले. आणि त्याच वर्षी जागतिक संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली.